लोअर आर्मचे बुश घरी बदलता येतात का?

मी माझ्या गाडीची बरीचशी कामे घरीच करतो, हे कळल्यावर ओळखीचे लोक एक प्रश्न हमखास विचारतात. गतिरोधकावरून जाताना गाडीच्या पुढच्या भागातून ‘गटक’ असा आवाज येतो आणि मेकॅनिक सांगतो की लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे, रबरी बुश गेले आहेत. तर हे बुश घरी बदलता येतील का? बदलता येतात. जुना बुश बाहेर काढणे हा त्यातला सर्वांत अवघड भाग आहे असे बहुतेकांना वाटते, पण नवा बुश किती टिकणार हे काम संपत आल्यावर, बोल्ट आवळताना ठरते.

त्यासाठी बुशची रचना समजून घ्यायला हवी. बाहेर एक धातूची नळी, आत दुसरी लहान नळी आणि या दोन्हींना कायमचे जोडलेले मधले रबर, असा हा साधा भाग असतो. बोल्ट पूर्ण आवळला की आतली नळी सबफ्रेमच्या (आर्म ज्यावर बसतो त्या सांगाड्याच्या) दोन कानांमध्ये घट्ट धरली जाते आणि मुळीच फिरत नाही. चाक खड्ड्यात जाते किंवा उंचवट्यावर चढते, तेव्हा आर्मची हालचाल केवळ रबराला पीळ बसल्यामुळे शक्य होते. साहजिकच, ज्या स्थितीत बोल्ट आवळला ती रबराची विसाव्याची स्थिती ठरते. गाडी उचललेली आणि चाक खाली लोंबकळत असताना बोल्ट आवळले, तर गाडी जमिनीवर येताच रबर पिळले जाते आणि उभ्या गाडीतही तसेच पिळलेले राहते. पुढचा प्रत्येक खड्डा त्या पिळात भर घालतो आणि एरवी काही वर्षे चालणारा बुश फार लवकर फाटतो. लिफ्टवर चढवलेल्या गाडीचे बोल्ट एअर गनने तिथल्या तिथे आवळून टाकणारी गॅरेजे काही कमी नाहीत, आणि मग दोष मात्र ‘डुप्लिकेट मालाला’ दिला जातो.

सुटे भाग आणण्यापूर्वी दोष खरोखर बुशचाच आहे याची खात्री करावी. खराब रस्त्यावर हळू जाताना सतत बारीक खडखड होत असेल, तर आधी स्टॅबिलायझरच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या) लिंक रॉडवर संशय घ्यावा. बुश गेलेली गाडी ब्रेक दाबताना किंवा सोडताना एकच जाड ठोका देते, कधी ब्रेक लावल्यावर एका बाजूला ओढते आणि कधी टायर आतल्या कडेने झिजवते. आर्म आणि सबफ्रेम यांच्या फटीत टॉमी (लोखंडी पहार) घालून हलके उचकटून पाहिले की खरे काय ते दिसते. रबराच्या पृष्ठभागावरच्या केसासारख्या भेगा म्हणजे निकाल नव्हे. रबर नळीपासून सुटले असेल किंवा आरपार फाटले असेल, तरच बुश बदलावा.

माझी गाडी जुनी स्विफ्ट आहे. तिच्या पुढच्या मॅकफर्सन रचनेत स्प्रिंग स्ट्रटवर, म्हणजे शॉक अॅब्सॉर्बरच्या उभ्या खांबावर, बसते, त्यामुळे लोअर आर्म सोडवताना दाबलेली स्प्रिंग उसळण्याची भीती नसते. ज्या गाड्यांत स्प्रिंगचा भार थेट खालच्या आर्मवर असतो, त्यांचे हे काम घरी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गाडी उचलण्याआधी, ती सपाट जागी उभी असताना, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे. मागच्या चाकांना ठोकळे लावावेत आणि गाडी जॅक स्टँडवर टेकवूनच खाली हात घालावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही नाही. कोकणातल्या गाड्यांचे बोल्ट गंजून आतल्या नळीत जाम झालेले असतात, म्हणून आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल मारून ठेवलेले बरे. बॉल जॉइंटचा (आर्मला चाकाच्या बाजूशी जोडणाऱ्या गोल सांध्याचा) आडवा बोल्ट नुसता सैल करून भागत नाही, कारण तो पिनच्या खाचेतून जातो. तो पूर्ण बाहेर काढावा लागतो.

बुश दाबून बसवायला जाड आट्यांचा रॉड, वायसर आणि योग्य मापाच्या गोट्या (सॉकेट) पुरतात, पण पत्र्याचा आर्म चुकीच्या जागी आधार दिल्यास वाकतो. त्यामुळे मोकळा आर्म लेथवाल्याकडे नेऊन हायड्रॉलिक प्रेसवर बुश बदलून आणण्यात मला काहीही कमीपणा वाटत नाही. बॉल जॉइंटही ढिला असेल, तर बुशसह अख्खा नवा आर्मच घ्यावा. काही बुशच्या रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात. त्यांची दिशा जुना बुश काढण्यापूर्वी आर्मवर खूण करून नोंदवावी आणि नवा त्याच दिशेत बसवावा. सरकण्यासाठी साबणाचे पाणी वापरावे, कारण ग्रीस आणि इंजिन ऑइल यांनी रबर फुगते. पॉलियुरेथेनचे बुश जास्त टिकतात हे खरे, पण ते रस्त्याची थरथर आत पोचवतात आणि ग्रीस सुकले की कुरकुरतात. रोजच्या गाडीत मी ते बसवणार नाही.

आर्म जागेवर आल्यावर बुशचे बोल्ट प्रथम हातानेच, आर्म मोकळेपणाने हलेल इतके लावावेत. मग बॉल जॉइंटखाली जॅक लावून, आधी लिहून ठेवलेले अंतर जुळेपर्यंत चाकाची बाजू सावकाश वर उचलावी. गाडी स्टँडवरून सुटू लागली तर तिथेच थांबावे. या स्थितीत, बाहेरून टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळणारा पाना) लावून, त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर बोल्ट आवळावेत. दुसऱ्या बाजूचे बुशही त्याच सुमारास बदलावेत, कारण त्यांनीही तेवढेच रस्ते पाहिलेले असतात. त्यानंतर गाडी थेट व्हील अलाइनमेंटला न्यावी, कारण आर्मची जागा किंचित बदलली तरी टो (चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन) बदलतो आणि नव्या बुशवरही टायर झिजतच राहतात.