योहानाने तुरुंगातून पाठवलेला प्रश्न

२४ जून, रात्र

आमच्या चर्चच्या मंडळीत ‘कशा आहात?’ या प्रश्नाला ठरलेले उत्तर आहे: ‘प्रभूची कृपा आहे.’ हे उत्तर खोटे नाही, कारण कृपा असतेच; पण ते उच्चारले की पुढचा प्रश्न कोणी विचारीत नाही, आणि मला ते उत्तर इतके प्रिय झाले आहे ते याच सोयीमुळे, हे अलीकडे माझ्या लक्षात येऊ लागले आहे. शेजारच्या निवृत्त टीचर कोकणीत ‘बरी मगो?’ म्हणून विचारतात तेव्हाही मी हसून मान हलवते. पहाटे तीनच्या सुमारास जाग येते, छातीवर कोणीतरी हात दाबून धरल्यासारखे वाटते, भीती कशाची आहे ते सांगता येत नाही, आणि सकाळी मी इस्त्रीच्या साडीत पणजीच्या बसला उभी असते. कचेरीत माझ्या कामाबद्दल तक्रार नाही, घरी स्वयंपाक वेळेवर होतो. त्यामुळे कोणाला काही दिसत नाही, आणि दिसू नये याची व्यवस्था मीच चोख ठेवलेली आहे.

आज सांजांव, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या जन्माचा गोव्यातला सण. दुपारपासून पावसाची सर थांबून थांबून येत होती आणि तिच्यातूनच घुमट व कासाळे वाजवीत मंडळी घरोघर फिरत होती. ज्यांच्याकडे नवा जावई आला आहे त्यांच्या दारी अधिक गलका, विहिरीपाशी त्याहून अधिक; तिकडे शिवोलीत सजवलेल्या होड्याही निघाल्या असतील. आमच्या दारी आलेल्या घोळक्यातल्या एका लहानग्याच्या डोक्यावरचा फुलांचा कोपेल घसरून एका डोळ्यावर आला होता, पाकळ्यांतले पाणी ओघळून त्याच्या नाकाच्या शेंड्यावर थांबत होते, आणि दोन्ही हात घुमटावर असल्यामुळे ते पुसायला त्याला सवड नव्हती. मी त्यांना अननस दिला आणि मनापासून हसले. ते हसणे दिखाऊ नव्हते, हे मुद्दाम लिहून ठेवते. ज्याच्या मनावर ओझे आहे त्याला हसू येतच नाही, असे मी धरून चालले होते, आणि म्हणून हसू आले की ‘म्हणजे तुला काही झालेले नाही’ असा निकाल माझाच मी देऊन टाकीत असे.

आम्ही मूळचे नगरकडचे, प्रॉटेस्टंट. संतांचे सण आमच्या घरी कधी नव्हते, त्यामुळे सांजांव मी आधी पाहिला आणि त्याचा शास्त्राधार मागाहून शोधला. मरीयेचे अभिवादन ऐकताच योहानाची आई अलिशिबा हिच्या उदरातील बालकाने उडी मारली, असे लूक आपल्या शुभवर्तमानात सांगतो. विहिरीतल्या उड्या त्या उडीच्या आठवणीसाठी. देवदूताने मरीयेला निरोप दिला तेव्हा अलिशिबेला सहावा महिना होता, म्हणून योहानाचा जन्मदिवस नाताळच्या सहा महिने आधी, २४ जूनला येतो. परंतु आईच्या पोटात असतानाच ज्याने आनंदाने उडी मारली त्या योहानाचे पुढे काय झाले, हे या सणात येत नाही. (येऊही नये; विहिरीत उडी घेणाऱ्याला प्रवचन कोण देणार?)

पुढे हेरोद राजाने त्याला तुरुंगात टाकले. तो तुरुंग मृत समुद्राच्या पूर्वेकडील माखेरसच्या किल्ल्यात होता, असे योसेफस या इतिहासकाराने लिहिले आहे. तिथून योहानाने आपल्या शिष्यांकरवी येशूला विचारले की, जो येणार आहे (म्हणजे वचन दिलेला तारणारा) तो तूच आहेस, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? यार्देनच्या काठी ‘हा पाहा देवाचा कोकरा’ असे उघडपणे सांगणारा माणूस अंधारकोठडीत बसून असे विचारतो, याचा आमच्या लहानपणी रविवारच्या शाळेत फारसा उल्लेख होत नसे. झाला तर असा की, योहानाला शंका नव्हतीच, आपल्या शिष्यांची खात्री पटावी म्हणून त्याने त्यांना पाठवले. हा खुलासा जुना आणि सद्हेतूचा आहे, पण मला तो पटत नाही. एवढ्या मोठ्या माणसाला खचलेले पाहणे आपल्याला सोसत नाही म्हणून तो केलेला आहे, असे वाटते.

आज रात्री मत्तयाच्या शुभवर्तमानाचा ११ वा अध्याय पुन्हा सावकाश वाचला. येशू रागावत नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, बहिरे ऐकतात, मेलेले उठवले जातात, गरिबांना सुवार्ता सांगितली जाते, हे जाऊन योहानाला कळवा, एवढेच तो सांगतो. यशया संदेष्ट्याच्या ज्या वचनांचा या उत्तराला आधार आहे त्यांत बंदिवानांच्या सुटकेचाही उल्लेख आहे, आणि नासरेथच्या सभास्थानात येशूने तो स्वतः वाचून दाखवला होता. पण तुरुंगात बसलेल्या मित्राला पाठवलेल्या उत्तरातून नेमका तेवढाच भाग गळला आहे. योहानाला त्याचा अर्थ कळला असणार. त्याहून मला थांबवून ठेवणारी गोष्ट पुढे आहे: निरोप्ये परत निघाल्यावर येशू लोकांकडे वळतो आणि स्त्रियांपासून जन्मलेल्यांमध्ये योहानापेक्षा मोठा कोणी झाला नाही, असे म्हणतो. हे शब्द योहानाच्या कानी पोचले की नाही, ते शुभवर्तमान सांगत नाही. त्याच्या कोठडीत अंधार तसाच राहिला असेल, आणि त्याच घटकेला त्याच्याविषयी असे बोलले जात होते. माझ्या पहाटेच्या त्या घटकांमध्ये मला देवाविषयी काहीही जाणवत नाही, यावरून देव माझ्याविषयी काय म्हणत आहे याचा अंदाज बांधणे मी सोडून द्यावे, एवढे तरी या अध्यायातून निघते.

त्याच अध्यायात येशू योहानाला ‘येणारा एलीया’ म्हणतो. मूळचा एलीया, जुन्या करारातला संदेष्टा, तोदेखील रानातल्या एका झुडपाखाली बसून ‘आता पुरे, माझा जीव घे’ असे म्हणाला होता, आणि तेही कर्मेल डोंगरावरच्या विजयानंतर लगेच. त्याला आधी झोप मिळाली, मग निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी, मग पुन्हा झोप, पुन्हा भाकर. ‘तू इथे काय करतोस?’ हा प्रश्न त्याला फार पुढे, होरेब डोंगरावर विचारला गेला.

२५ जून

दर आठवड्याच्या प्रार्थनासभेत विनंत्या लिहून घेण्याचे काम माझ्याकडे आहे. आज संध्याकाळी वही चाळली. गुडघ्याची शस्त्रक्रिया, साखर, मुलाचा आखाताचा व्हिसा, घरभाड्याचा तगादा, सुनेचे बाळंतपण. प्रत्येक विनंतीत दुखणारी जागा स्पष्ट आहे. मनाचे दुखणे मात्र एकाच नावाने येते, ‘मनःशांतीसाठी’, आणि ते वाचले की पाळकसाहेबांसकट सगळे माना डोलावतात व पुढच्या विनंतीकडे जातात. हा शब्द सांगणाऱ्यालाही झाकतो आणि ऐकणाऱ्यालाही मोकळे करतो. पावसाळ्यात बंद कपाटात घड्या घालून ठेवलेले कपडे वरून नीटनेटके दिसावेत आणि उघडल्यावर त्यांना बुरशीचा वास यावा, तशी ही वही मला आज वाटली.

झाकण म्हणून सर्वांत जास्त वापरले जाणारे वचन बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रातले आहे: कशाविषयीही चिंता करू नका. ते सांगणारा पौल स्वतः कैदेत होता, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, आजारातून उठलेल्या आपल्या सहकाऱ्याविषयी, एपफ्रदीताविषयी लिहिताना, देवाने मला दुःखावर दुःख होऊ दिले नाही आणि त्याला तुमच्याकडे पाठवल्याने माझे दुःख हलके होईल, असे पौल मोकळेपणाने लिहितो. म्हणजे ‘चिंता करू नका’ हे लिहिणाऱ्याच्या मनात दुःखाचा एक थर आधीपासून होता आणि दुसऱ्याची धास्ती होती, आणि ते दोन्ही त्याने मंडळीला कळवले. चौथ्या अध्यायातले ते वचनही चिंता गिळून टाका असे म्हणत नाही. आपली मागणी देवाला कळवा, असे म्हणते. कळवायची तर आधी ती काय आहे ते आपल्याला ठाऊक हवे.

इथेच माझे अडते. प्रार्थनेला बसले की माझ्या तोंडून शब्द भराभर येतात. लहानपणापासून कानावर पडलेली वाक्ये आहेत, ती एकमेकांना धरून चालतात, आणि पाच मिनिटांत मी मंडळीसाठी, देशासाठी, आजाऱ्यांसाठी मागून मोकळी होते. माझी प्रार्थना जितकी घोटीव होते तितकी मी तिच्या आड लपलेली असते, ही ओळख मला नवी आहे. जिथे शब्द अडतो, ‘प्रभू, मला’ म्हणून पुढचे क्रियापद सापडत नाही, तिथे बहुधा मी खरी उभी असते.

टीचरना मी हे अर्धेमुर्धे सांगितले. त्या कॅथलिक, जेझुइट फादरांच्या साधना-शिबिरांना नेमाने जाणाऱ्या. त्या म्हणाल्या की, गोव्यात सगळे सायबाला, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरला ओळखतात, पण मनाच्या बाबतीत त्याच्या मित्राकडे जावे. हा मित्र म्हणजे लोयोलाचा इग्नाती. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला आणि अंथरुणावर पडल्या पडल्या त्याच्या ध्यानात आले की, काही मनोराज्ये रंगवताना गोड लागतात पण मागे कोरडेपणा ठेवून जातात, आणि काहींचा आनंद नंतरही टिकतो. पुढे त्याने रोजच्या दिवसाकडे देवासमोर मागे वळून पाहण्याचा जो परिपाठ घालून दिला, त्याचे मूळ या निरीक्षणात आहे. त्याचा एक नियम टीचरनी मला सांगितला: मन ओसाड असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये. पहाटे तीन वाजता मनातल्या मनात राजीनामा लिहिणाऱ्या बाईला याहून उपयोगी नियम सांगता आला नसता.

भाची समुपदेशक आहे. तिला फोनवर सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘मावशी, प्रार्थना चालू ठेव, पण थायरॉईड आणि बी-१२ आधी तपासून घे.’ मला हसू आले, कारण एलीयाच्या भाकरीचा विचार कालच झाला होता. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये ‘संगाथ’ संस्थेने केलेल्या कामाविषयीही तिने सांगितले. तिथे मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ बैठकांचा उपचार दिला आणि त्याचा गुण आला. हा अभ्यास २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसभरात काय केले आणि तेव्हा मन कसे होते याची नोंद ठेवणे, हा त्या उपचाराचा एक भाग. इग्नाती आणि आरोग्य केंद्र दोघेही वहीच काढायला सांगतात, याची मला गंमत वाटली. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक तिने माझ्याकडून फोनमध्ये साठवून घेतला आणि पुन्हा म्हणून दाखवायला लावला.

मात्र साक्षीच्या वेळी उभे राहून हे सगळ्या मंडळीला सांगावे, असे मला वाटत नाही. गेथशेमानेत येशूने ‘माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे’ हे शब्द काढले ते सगळ्या शिष्यांसमोर नव्हे, तर पेत्र, याकोब आणि योहान (हा शिष्य योहान, बाप्तिस्मा करणारा नव्हे) या तिघांजवळ. ते तिघेही पुढे झोपी गेले. तरी त्याने सांगितले.

२६ जून

पुढच्या महिला सभेत वचन मी वाचायचे आहे. दरवेळी २३ वे स्तोत्र घेतले जाते. मी ८८ वे घेण्याचे ठरवले आहे. हेमानाच्या नावावर असलेले हे १८ ओव्यांचे स्तोत्र शेवटपर्यंत वळण घेत नाही. १३ व्या स्तोत्रात ‘किती काळ?’ असे पुन्हापुन्हा विचारून झाल्यावर अखेरीस गायन येते. इथे ते येत नाही, मित्र दुरावले आणि अंधार उरला, एवढ्यावर ते संपते. तरी ज्यांनी स्तोत्रांचा संग्रह केला त्यांनी ते वगळले नाही, शेवटी एखादी आशेची ओळ जोडली नाही, आणि त्याची सुरुवात ‘माझ्या तारणाऱ्या देवा’ अशीच राहू दिली. अंधाराविषयीची तक्रार ज्याच्याकडे करायची तो ऐकणारा आहे, एवढे त्या पहिल्या ओळीत धरलेले आहे. योहानानेही आपली शंका ज्याच्याविषयी होती त्याच्याकडेच पाठवली. विवेचन मी थोडक्यात करणार आहे. ‘मनःशांतीसाठी’ या विनंतीच्या जागी, इच्छा असेल तिने, नेमके काय होते ते एका वाक्यात लिहावे आणि चिठ्ठीवर नाव घालू नये, असे सुचवणार आहे. पहिली चिठ्ठी माझी असेल.

सचिव ताईंना फोनवर उतारा कळवला. त्यांनी तो लिहून घेतला, शास्त्र उघडून वाचला असावा, कारण बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘बरे आहे. पण याच्यानंतर गीत कोणते घ्यायचे?’ मी म्हटले, रविवारपर्यंत सांगते. त्या म्हणाल्या, शनिवारी सांगा, पेटीवाल्याला सराव लागतो.