ब्रोकन बीट ऐकताना

आज दुपारभर ब्रिटिश संगीतकार कायडी टेथम यांचा २०१८ मधील ‘इट्स अ वर्ल्ड बिफोर यू’ हा अल्बम ऐकत होतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस पश्चिम लंडनमध्ये रुजलेल्या ब्रोकन बीट या नृत्यसंगीतात हाउस या दुसऱ्या नृत्यसंगीतप्रकारासारखा प्रत्येक मात्रेवर ठाम पडणारा किक ड्रम, म्हणजे खर्जातला मोठा ढोल, नसतो. तो मागेपुढे सरकतो, मध्ये जागा मोकळ्या सोडतो आणि त्या जागांत जॅझ-फंकचे कीबोर्ड व लॅटिन तालवाद्ये सहज येऊन बसतात. टेथम स्वतः कीबोर्ड, बासरी आणि ड्रम वाजवतात, म्हणूनच या इलेक्ट्रॉनिक रचनांतही हाताचा स्पर्श जाणवतो. समेच्या किंचित अलीकडे येणारा बेसचा सूर तर मी पुन्हा पुन्हा ऐकला. तबल्याची सवय असलेल्या कानांना हा ठेका विशेष भावेल, असे मनापासून वाटते.