मागची नोंद मागे घेतो: गोंगाट गेला नव्हता, आई अमदावादला होती

मंडळी, मागच्या नोंदीत मी छाती फुगवून लिहिलं होतं की चोक (गोंगाट अडवणारं तारेचं वेटोळं) बसवला आणि माझ्या शॉर्टवेव्ह रेडिओच्या ३१ मीटर बँडवरचा गोंगाट साफ झाला. ते सगळं मागे घेतो. चार संध्याकाळी बँड शांत होता हे खरं, पण सोमवारी साडेसहाच्या सुमारास महाशय परत हजर. तोच सूर, तोच तोरा.

चोकबद्दल आधी सांगून टाकतो. ऑनलाइन मागवलेला '४३ मिक्स'चा (एका जातीच्या फेराइटचा) टोरॉइड, म्हणजे तार गुंडाळायचं कडं, पिवळा, एक बाजू पांढरी, असा आला. जुना कॉम्प्युटर सप्लाय ज्यांनी उघडलाय ते आत्ता हसले असतील. हा फेराइटच नव्हे, २६ मिक्सची लोखंडी पूड. तिच्यावर बारा वेढे घेतले काय नि बावीस घेतले काय, शॉर्टवेव्हवर चोक म्हणून उपयोग शून्य. हे ठाऊक असूनही चार दिवसांच्या शांततेने माझी अक्कल गहाण पडली. विक्रेत्याला परत पाठवायची मुदतही त्याच आनंदात निघून गेली.

आता गोंगाट. ९.४ ते १२ मेगाहर्ट्झमध्ये दर साठ-पासष्ट किलोहर्ट्झवर एक गुरगुरता ढिगारा, आणि पहिल्या अर्ध्या तासात सगळे ढिगारे हळूहळू एका बाजूला सरकत जातात. पासष्टच्या आसपासचा आकडा म्हणजे स्विच-मोड सप्लाय (वीज झपाट्याने चालू-बंद करून व्होल्टेज बदलणारा अडॅप्टर), यात वाद नाही. प्रश्न होता, कोणाचा?

डिसेंबरात संशय समोरच्या काकांच्या सोलरवर होता. गच्चीभर पॅनेल, डीसीच्या लांबलचक वायरी, आयता अँटेनाच. पण सोलर सूर्य मावळला की झोपतं आणि आमचा गोंगाट तेव्हा उठतो. (काका, मनातल्या मनात बरंच बोललो तुम्हाला. क्षमस्व.) मग वहीत लिहिलेल्या वेळा नीट पाहिल्या. सुरू व्हायची वेळ महिनाभरात वीसेक मिनिटं पुढे सरकलेली, म्हणजे सूर्यास्ताच्या मागोमाग. लगेच दुसरा आरोपी ठरला: पोळीच्या (बडोद्यात गल्लीला पोळ म्हणतात) तोंडाशी बसवलेला नवा एलईडी पथदिवा, अंधार पडला की आपोआप लागणारा. पण पथदिवा रात्री पावणेदहाला बंद होत नाही. आमचा गोंगाट कधी पावणेदहाला जायचा, कधी सव्वादहाला. ही माणसाची सवय आहे, यंत्राची नव्हे. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मेन स्विचची चाचणी डिसेंबरातच केली होती, तुम्हीच सुचवली होती. संध्याकाळी सातला मेन पाडला, पीएल-३३० (माझा खिशातला रेडिओ) घेऊन गॅलरीत उभा राहिलो. गोंगाट तसाच, उलट वर एक नवी भणभण. निष्कर्ष: बाहेरचा. आमचं घर निर्दोष.

मग रेडिओ घेऊन पोळीत फिरलो. मीडियम वेव्हवर रिकामी जागा धरायची, रेडिओ आडवा धरून फिरवायचा. आतला फेराइट रॉड (मीडियम वेव्हची अँटेना) टोकाने उगमाकडे रोखला गेला की आवाज पडतो. तीन ठिकाणांहून तीन रेषा काढल्या. तिन्ही आमच्या घरावरून जात होत्या, आणि एक पुढे काकांच्या सोलरवर. नलची (आवाज पडतो त्या दिशेची) रेषा दोन्ही दिशांना जाते, ती कुठे थांबते हे रेडिओ सांगत नाही. मी माझं घर आधीच वगळलेलं, म्हणून मी ती माझ्या सोयीने काकांकडे थांबवली. दांडिया बाजारातल्या लोकांनी मला सरकारी सर्व्हेवाला समजून पाण्याच्या प्रेशरची तक्रार सांगितली, ती वेगळी.

सोमवारी उलगडा झाला. आई चार दिवस मावशीकडे अमदावादला होती, दुपारी परत आली. तिन्हीसांजेला देवघराकडे गेली, बटणाचा 'टक' आवाज आला आणि माझ्या हातातला रेडिओ गुरगुरला.

देवघराच्या चौकटीला लावलेली एलईडीची माळ! आई नसताना मी निरांजन लावतो, माळेचं बटण माझ्या ध्यानातही नसतं. आणि मेन स्विच? देवघराचा पॉइंट इन्व्हर्टरवर आहे. घर घेतलं तेव्हा वायरमनने हॉलचा दिवा, एक पंखा आणि देवघर त्या लाइनवर टाकलं होतं. मी मेन पाडून घराकडे पाठ करून गॅलरीत उभा, आणि मागे माळ मजेत जळत होती. वरची नवी भणभण म्हणजे बॅटरीवर गेलेला इन्व्हर्टर. तेव्हा चाचणी करणाऱ्यांनो, इन्व्हर्टरचा आउटपुटही पाडा, आणि एकदा मागे वळून पाहा.

अडॅप्टर उघडला. बोर्डावर लाइन फिल्टरची (गोंगाट तारेत जाऊ न देणाऱ्या भागाची) जागा छापलेली आहे, कपॅसिटरची आणि चोकचीही. कपॅसिटर नाहीच, आणि चोकच्या जागी तारेचे दोन तुकडे. दोन-चार रुपये वाचवले असतील.

आईची अट एकच: उजेड पहिल्यासारखा पडला पाहिजे. रावपुऱ्यातल्या एका जुन्या रेडिओ-दुरुस्तीवाल्यांकडून लोखंडी ट्रान्सफॉर्मरचा जडशीळ अडॅप्टर आणला, १२ व्होल्ट, ५०० मिलिअँपिअर. असे अडॅप्टर रेग्युलेटेड नसतात. लोड नसताना हा १६ व्होल्ट दाखवत होता. माळ जळू नये म्हणून पुढे ७८१२ (व्होल्टेज १२वर स्थिर ठेवणारा रेग्युलेटर) लावला, पाठीला ॲल्युमिनियमची पट्टी. जरा तापतो, पण तोंडातून शब्द काढत नाही. आता तुळशीलाही एक माळ हवी आहे म्हणे. अडॅप्टर आधी माझ्या हातात येईल, असं ठरलंय.

आणि मग बुधवारची संध्याकाळ. १० मेगाहर्ट्झवर चीनचं बीपीएम हे वेळ सांगणारं केंद्र टिकटिकत होतं, ते रोजचंच. पण बीपीएम दर तासाला दोनदा पाच-पाच मिनिटं नुसता कॅरिअर (टिकटिकीविना कोरी लहर) सोडतं, यूटीसीची (जागतिक वेळेची) १० ते १५ आणि ४० ते ४५ ही मिनिटं. आपली वेळ साडेपाच तासांनी पुढे, त्यामुळे मिनिटं तीच राहतात, फक्त अदलाबदल होते. सात चाळीसला टिकटिक थांबली. कॅरिअरच्या तळाशी दुसरी, अगदी बारीक टिकटिक. मिनिट पुरं व्हायला पंधराएक सेकंद असताना बाईचा आवाज. डब्ल्यूडब्ल्यूव्हीएच, अमेरिकेचं हवाईतलं वेळ-केंद्र! कोलोराडोच्या डब्ल्यूडब्ल्यूव्हीवर पुरुष बोलतो आणि मिनिटाच्या जास्त जवळ, त्यामुळे गफलत नाही. बारा हजार किलोमीटरांच्या वर, आणि माझ्याकडे फक्त रेडिओची स्वतःची दांडी. सात पंचेचाळीसला बीपीएम परतलं आणि बाई बुडाल्या. एके काळी दिल्लीचं वेळ-केंद्र एटीएसुद्धा याच १० मेगाहर्ट्झवर असायचं. तेव्हा हे जमलं असतं का, शंकाच आहे.

ज्यांनी परत विचारलंय की डी-८०८ हा दुसरा रेडिओ का नाही घेतला: त्याचा मोठा १८६५० सेल आणि विमानांचा एअरबँड मान्य, पण खिशात पीएल-३३० मावतो. शिवाय याला बीएल-५सी लागते आणि जुन्या नोकियाच्या तीन बॅटऱ्या घरात पडून होत्या. एक फुगलेली निघाली, ती फेकली.

अगाशीवरची बारा मीटर तार उत्तरायणाच्या (पतंगांच्या संक्रांतीच्या) सकाळीच मांज्याने गेली. वासी उत्तरायण, म्हणजे दुसरा दिवस, उलटलं की नवी ओढायची असं ठरवलं होतं, तारही आणून ठेवलीय. पण हे लिहितानाच मन पालटतंय. पाच-सहा मीटरच्या वर तार जोडली की पीएल-३३० गुदमरतो आणि ४१ मीटरवर भुतं (तिथे नसलेली स्टेशनं) दिसू लागतात, हे दोनदा भोगलंय. त्यापेक्षा कोॲक्स केबलचा मीटरभर व्यासाचा लूप (कड्यासारखी अँटेना) गॅलरीत उभा केला तर? तो फिरवता येईल, म्हणजे उरलेल्या गोंगाटाला नलमध्ये टाकता येईल. शिवाय मांज्याची भीती नाही. पथदिव्याची ७ मेगाहर्ट्झजवळची बारीक किरकिर अजून आहेच, तो पहिला गिऱ्हाईक. कोॲक्स घरात आहे, बांबू रविवारी आणतो. मॅचिंगसाठी (लूप रेडिओशी जुळवायला) ७३ मिक्सचा दोन भोकांचा कोर लागेल. कोणाकडे खात्रीचा, पिवळा-पांढरा नसलेला असेल तर कळवा.