नामिबियाची तयारी, नोंद ४: रायफल ठरली, आता हात ठरायचा आहे

जुलैत नामिबियात शिकारीला जायचंय. त्यासाठी शेवटी .३०८ विंचेस्टर या काडतुसाची रायफल ठरली. मागच्या नोंदीत मी .३७५ एच अँड एच मॅग्नम या जास्त ताकदीच्या रायफलीबद्दल भरभरून लिहिलं होतं, म्हणून मत का बदललं ते आधी सांगते.

डिसेंबरात नामिबियाच्या राजधानीत, विंडहुकला दादाकडे गेले होते. तिथला शिकारीचा हंगाम १ फेब्रुवारी ते ३० नोव्हेंबर, त्यामुळे तेव्हा शिकारीचा प्रश्नच नव्हता. जुलैत ज्या फार्मवर जायचंय, तिथल्या रेंजवर भाड्याच्या रायफली हाताळून बघायच्या होत्या. .३७५ च्या तीन गोळ्या झाडल्या. पहिली मध्याला लागून, दुसरी डावीकडे, तिसरी कागदाच्या खालच्या कडेला. चौथ्या वेळी गाइडने बोल्ट (काडतूस आत सरकवणारा दांडा) स्वतः बंद करून रायफल माझ्या हातात दिली. मी श्वास सोडला, ट्रिगर दाबला. नुसतं ‘टक्’. आत काडतूस नव्हतंच. तरी नळीचं टोक चार बोटं खाली गेलं आणि खांदा पुढे आला. दादा शेजारीच उभा होता. म्हणाला, “अगं, डोळे मिटलेस तू!”

बारा वर्षं दहा मीटर एअर रायफल मारतेय. तिच्या छर्र्यात जेमतेम आठ ज्युल ऊर्जा असते. .३०८ ची १६५ ग्रेनची, म्हणजे १०.७ ग्रॅमची गोळी साडेतीन हजार ज्युलच्या आसपास घेऊन निघते. .३७५ साडेपाच हजारांच्या पुढे, आणि खांद्याला बसणारा धक्का .३०८ च्या साधारण दुप्पट. माझं शरीर त्या धक्क्याची आधीच वाट बघत होतं.

नामिबियाच्या नियमात प्राण्यानुसार किमान ऊर्जा ठरलेली आहे: स्प्रिंगबॉक या छोट्या हरणाला १३५०, कुडू आणि गेम्सबॉक या मोठ्या हरणांना २७००, रानरेडा आणि हत्तीला ५४०० ज्युल. माझ्या यादीत एक स्प्रिंगबॉक आणि एक गेम्सबॉक आहे. म्हणजे .३०८ पुरून उरते. .३७५ चं आकर्षण तिच्या १९१२ पासूनच्या आफ्रिकेतल्या इतिहासाचं होतं, गरजेचं नव्हतं. गाइडने त्या संध्याकाळी एका पाहुण्याची हकिगत सांगितली. गेम्सबॉकच्या खांद्यावरचा उंचवटा बघून त्याने गोळी वर मारली. जनावर जखमी होऊन निसटलं, दोन दिवस माग काढला, सापडलं नाही. ती हकिगत ऐकल्यापासून माझी सगळी तयारी त्या एका गोष्टीभोवती फिरतेय. गेम्सबॉकचं हृदय खूप खाली, पुढच्या पायाच्या रेषेत असतं. नेम पायाच्या मागच्या कडेने वर न्यायचा आणि छातीच्या खालच्या एक-तृतीयांश भागात थांबवायचा.

हे डोळ्यात बसावं म्हणून जानेवारीत दोनदा येवल्याजवळ ममदापूरला गेले. रस्त्यावरूनच ८×४२ च्या दुर्बिणीतून काळविटं बघत बसले. स्प्रिंगबॉक आणि काळवीट जवळचे नातेवाईक, वजनही साधारण सारखंच. चरताना पुढचा पाय पुढे पडला की खांद्याचं हाड सरकतं आणि छातीची जागा उघडी होते, हे मी आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिलं. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यापासून वन्यप्राण्यांना संरक्षण आहे आणि ते तसंच राहावं असं मला मनापासून वाटतं. घरी आईने विचारलंच, “मग तिकडे जाऊन कशाला मारायचं गं?” मी तिला सांगितलं की फार्मवर किती जनावरं काढायची हे ठरलेलं असतं, मांस तिथेच खाल्लं जातं आणि मी शिंगं, कातडी काही आणणार नाही. ती गप्प झाली, पण तिला पटलंय असं मी म्हणणार नाही.

सरावाचं सांगते. बुरुडाकडून तीन सरळ बांबू आणले, वरच्या टोकाशी सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळली, झाली तिपाई. तिकडे बहुतेक गोळ्या अशाच तिपाईवर उभ्याने झाडतात. स्प्रिंगबॉकची मर्मजागा मी २० सेंटिमीटर धरली आणि अंतराची मर्यादा १५० मीटर. दहा मीटरवर तिचा आकार होतो १३ मिलिमीटर, शर्टाच्या बटणापेक्षा जरासा मोठा. तेवढी वर्तुळं कागदावर काढून क्लबमध्ये एअर रायफलने मारतेय. पहिल्या आठवड्यात दहात सात. आता नऊ. पण क्लबचा जिना चार वेळा चढून-उतरून लगेच तिपाईवर आले की सहा. छाती धपापत असते, वर्तुळ नेमाच्या काट्यावर नाचतं. माझा खरा आकडा हा सहाच.

रायफलच्या दस्त्याची, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाची लांबी हा विषय माझ्या उंचीच्या बायकांनी गांभीर्याने घ्यावा. कोपर काटकोनात वाकवून, कोपराच्या आतल्या बाजूपासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत मोजलं: ३३ सेंटिमीटर. फार्मवरच्या .३०८ चा दस्ता पुरुषी मापाचा होता. मान ताणून स्कोपमध्ये, म्हणजे रायफलवरच्या दुर्बिणीत बघावं लागत होतं, कधी पूर्ण चित्र दिसायचं, कधी काळी कड यायची. माप कळवलं. त्यांच्याकडे आखूड दस्त्याची दुसरी आहे, सायलेन्सरसकट, स्कोप ३-९×४०. शंभर मीटरवर झिरो केली, म्हणजे नेम आणि गोळी तिथे जुळवली, की दीडशेला गोळी चारेक सेंटिमीटर खाली बसते, म्हणजे नेमाच्या काट्याशी खटपट करायला नको. माझी स्वतःची रायफल नेण्याचा विचार नाहीच. दोन्हीकडचे परवाने आणि विमान कंपनीचे नियम सांभाळण्यापेक्षा तेवढा वेळ जिन्यावर घालवेन.

बाकी सामान थोडक्यात. साधे खाकी कपडे, मिलिटरी छाप नकोच. जुलैत तिथे थंडी, पहाटे पारा शून्याजवळ जातो, दुपारी ऊन, म्हणून थरावर थर. बूट मात्र आत्तापासून पायात. दर रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या, महिन्यातून एकदा अंजनेरी. तिकडे एका काटेरी झाडाचं आफ्रिकान्समधलं नाव ‘थोडं थांब’ अशा अर्थाचं आहे. ते आपल्या बोरीच्याच कुळातलं, एक काटा सरळ, एक आकड्यासारखा. बोरीत ओढणी अडकलेल्या कुणालाही हे नाव का पडलं ते सांगायला नको. पातळ ट्रेकिंग पँट मी यादीतून काढून जाड सुती घेतली.

आता लक्ष्य एकच: जिना चढून आल्यावर दहात नऊ, सलग तीन रविवार. जूनअखेर हे जमलं नाही तर गाइडला १०० मीटरची मर्यादा कळवणार आहे, आणि गेम्सबॉक यादीतून काढणार आहे. परवाच्या रविवारी सात झाले.