तुम्ही विचारलंत म्हणून: मशीनमध्ये न मावणारी गोधडी

माझी मोठी गोधडी पाहिली की लोक हमखास विचारतात, एवढी मोठी ही मशीनखालून गेली तरी कशी? विचारणाऱ्या बऱ्याच जणींचा वरचा थर जोडून तयार असतो आणि तो घडी करून कपाटात पडलेला असतो. तुकडे जोडण्याचा उत्साह असतो, पण वरचा थर, भरण आणि अस्तर एकत्र शिवायची वेळ आली की आकार बघूनच हात थांबतो. अशा गोधड्या पूर्ण व्हाव्यात असं मला मनापासून वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते.

समजा गोधडी 110 इंच लांब आणि तेवढीच रुंद आहे. घरगुती मशीनमध्ये सुईपासून उजवीकडच्या खांबापर्यंत साधारण 6 ते 9 इंच जागा मिळते. मधोमध शिवताना 55 इंच रुंदीचे तिन्ही थर त्या फटीत कोंबावे लागतात. सगळे या फटीला घाबरतात, पण माझ्या मते खरी अडचण वजनाची आहे. टेबलावरून खाली लोंबणारा भाग कापड मागे खेचत राहतो. मशीनचे दाते पुढे ढकलतात, वजन मागे ओढतं, आणि टाके कुठे बारीक तर कुठे लांब पडतात. कधी सुईच वाकते.

म्हणून पहिला प्रयोग टेबलाचा करा. मशीनचं टेबल भिंतीला लावा म्हणजे गोधडी मागे पडणार नाही, आणि डाव्या हाताला त्याच उंचीचं दुसरं टेबल जोडा. बऱ्याच ठिकाणी घट्ट सुरळी करायला सांगतात. मला ते पटत नाही. सुरळी ताठ होते, वळत नाही, आणि खांदे भरून येतात. त्यापेक्षा गोधडी सुईभोवती सैलसर चुरगळून ठेवावी आणि हाताखालचा वीतभर भाग तेवढा सपाट करावा. सपाट लागतो तो तेवढाच. आधी वॉकिंग फूट, म्हणजे वरचे आणि खालचे थर एकाच वेळी पुढे सरकवणारा दाबपाय, लावून मधल्या शिवणींच्या खाचेतून लांब रेघा मारून घ्याव्यात, मग मध्यापासून कडेकडे जावं. या रेघांनी थर एकदा धरले गेले की पिना निघतात आणि काम हलकं होतं.

एवढं करूनही जड वाटत असेल, तर भरण कापायचं. हा माझा सगळ्यात आवडता उपाय. वरचा थर आणि अस्तर अखंडच राहतात, कापायचं ते फक्त मधलं भरण, म्हणजे बॅटिंग. तिन्ही थर नीट पसरून झाले की बॅटिंगचे डावा, मधला आणि उजवा असे तीन भाग करायचे, पण कापताना कात्री नागमोडी चालवायची. सरळ कापलं तर जोडाची रेघ पुढे वापरात वरून जाणवते आणि गोधडी नेमकी तिथेच मुडपते. बाजूचे दोन्ही भाग काढताना त्यांची वरची बाजू कोणती आणि वरचं टोक कोणतं, हे रंगीत दोऱ्याने खुणावून ठेवा, कारण उलटा ठेवलेला नागमोडी काठ जुळत नाही. आता मशीनच्या फटीत बाजूंचे फक्त दोन पातळ कापडी थर उरतात. मधला भाग शिवून घ्या, पण कापलेल्या काठाच्या दोन-तीन इंच अलीकडे थांबा. तेवढी जागा पुढे हात घालायला लागते. मग बाजूचं बॅटिंग परत आत सरकवून काठाला काठ भिडवायचा, एकावर एक चढवायचा नाही, आणि हाताने सैल तिरपे टाके घालायचे. दोरा ओढला तर तिथे उंचवटा येतो. वरून हात फिरवून जोड कुठे आहे ते कळलं नाही, की अस्तर आणि वरचा थर पुन्हा ताणून पिना लावायच्या आणि ती बाजू शिवायची.

तुकड्यातुकड्यांत तिन्ही थर शिवून ते शेवटी जोडायची पद्धतही आहे. ती चांगली आहे, पण ठरवायची तर वरचा थर पूर्ण जोडण्याआधीच. नाहीतर उसवण्यात जीव जातो. शिवाय अस्तराच्या बाजूला जोडाच्या पट्ट्या दिसतात. चौकोनाचौकोनांच्या गोधडीला त्या शोभतात. नक्षी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाहत असेल तर मी या वाटेला जात नाही.

हाताच्या कामाला तर कुठल्याच फटीची मर्यादा नाही. आठ नंबरचा जाड सुती दोरा, चौदा इंचांची रिंग आणि पाव इंचाचे ठसठशीत टाके. खाचेतल्या रेघा मशीनने आणि चौकोनांच्या आतलं काम हाताने, या मिश्रणाकडे मी पुन्हा पुन्हा वळते. गाठी मारून गोधडी पुरी करण्याला काही जण कामचुकारपणा म्हणतात. मला तसं मुळीच वाटत नाही. फुगीर भरणात धरलेल्या हवेनेच ऊब टिकते, आणि दाट शिवण तीच हवा दाबून टाकते. फक्त दोन गाठींमधलं अंतर बॅटिंगच्या वेष्टनावर लिहिलंय त्याहून जास्त ठेवू नका. नाहीतर धुताना भरण सरकतं.

लाँगआर्म मशीनवर, म्हणजे गोधड्या शिवायच्या लांब हाताच्या मोठ्या मशीनवर, काम द्यायचं असेल तर खुशाल द्या. अस्तर मात्र चारही बाजूंनी चार-चार इंच जास्त ठेवा.

उरतो गोट, म्हणजे कडेभोवती लावायची पट्टी. मोठ्या गोधडीच्या कडा शिवताना ताणल्या जातात, म्हणून माप कडेवर घ्यायचं नाही, मध्यातून आडवं आणि उभं घ्यायचं. त्या मापाएवढ्या गोटाच्या पट्टीवर पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करून कडेच्या तशाच खुणांना पिनेने जुळवायच्या. आपल्या गोधडीची कड भरते 440 इंच. 42 इंच पन्ह्याच्या कापडातून अडीच इंच रुंदीच्या 11 पट्ट्या पुरतील असं वाटतं. पण तिरप्या जोडात दर वेळी अडीच इंच जातात, आणि कोपरे वळवून शेवटची टोकं जोडायलाही दहा-बारा इंच हाताशी हवेत. 12 पट्ट्या कापा.