घरभेटीचा पोशाख

रुग्णाच्या घरी तपासायला जाताना मी पांढरा कोट घालत नाही, आणि त्यावरून एका आजींनी मला ‘तुम्ही खरेच डॉक्टर ना?’ असे विचारलेही आहे. एकोणिसाव्या शतकात डॉक्टर बहुधा काळ्या कोटात वावरत. जंतूंचे ज्ञान झाल्यावर पांढरा रंग रूढ झाला. मात्र तोच कोट पाहून काही रुग्णांचा रक्तदाब चढतो आणि घरच्या निवांतपणात तपासण्याचा फायदाच निघून जातो.

माझा खरा आक्षेप लांब बाह्यांवर आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पाठ पाहण्यासाठी त्याला कुशीवर वळवताना बाहीची कड चादरीवरून, कधी जखमेच्या पट्टीवरूनही फिरते आणि मग तीच बाही पुढच्या घरी जाते. ब्रिटनच्या आरोग्य खात्याने २००७ मध्ये कोपराखाली हात उघडे ठेवण्याची सूचना केली, ती हात मनगटापर्यंत नीट धुता यावेत म्हणून. त्यामुळे अर्ध्या बाह्यांचा, गरम पाण्यात धुता येणारा सुती सदरा मला पुरतो; टाय तर नाहीच. नाडी मोजण्याचे घड्याळ मी खिशात ठेवतो, आणि ते काढताना पेन हमखास खाली पडते. ओळखपत्र मात्र दारातच दिसेल असे लावतो.