दोरा

आळंदी सोडल्यापासून दिवसांची मोजदाद राहिली नव्हती. दिवेघाट, सासवड, जेजुरीचा भंडारा हे सारे मागे पडले. स्पष्ट आठवते ती वाल्ह्याहून लोणंदला जातानाची दुपार. नीरेत माउलींच्या पादुकांचे स्नान झाले, त्या गर्दीत मीही डुबकी मारली आणि ओल्या पायांवर तसेच मोजे चढवले. महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवणाऱ्या माणसाचे हे शहाणपण तासाभरात टाचेवर रुपयाएवढा फोड होऊन उगवले. त्यात शेजारच्या टेम्पोवरचा कर्णा अभंगाऐवजी कुण्या इच्छुक उमेदवाराच्या शुभेच्छा ओरडत होता.

दिंडीतल्या, सत्तरी उलटलेल्या एका आजींनी मला बाभळीखाली बसवले. "फोडायचा नसतो माउली, ओवायचा असतो," म्हणत त्यांनी सुई काडीच्या ज्योतीवर धरली, खोबरेलात भिजवलेला दोरा फोडाच्या या कडेने घालून त्या कडेने काढला आणि दोन्ही टोके बोटभर ठेवून कापली. दोऱ्यावाटे पाणी झिरपू लागले. माझी चिखलाची टाच त्यांच्या मांडीवर होती. संकोचाने मला मान वर करवेना.

पुन्हा चालू लागलो. 'ज्ञानोबा-माउली-तुकाराम'च्या ठेक्यात पावले पडत राहिली आणि केव्हातरी टाच नाहीशी झाली. टाचेबरोबर टाच दुखणाराही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०१-०२ मध्ये एडिंबरोच्या व्याख्यानांत गूढानुभवाची चार लक्षणे सांगितली: तो शब्दांत मांडता येत नाही, त्यातून काही कळल्याची खात्री वाटते, तो टिकत नाही आणि तो आपण घडवत नसून आपल्यावर घडतो. चारही लक्षणे जुळत होती. मी ती जुळवू लागलो आणि टाच परत आली.

वेदना का थांबली, याला माझ्या विषयात उत्तर आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या वल्हेपटूंवरील २००९ च्या प्रयोगात, श्रम तेवढेच असूनही, एकट्याने वल्हवल्यापेक्षा एका तालात मिळून वल्हवल्यावर वेदना अधिक सोसवली. माझे 'मीपण' का विरघळले, याला फ्रॉइडचे उत्तर आहे. फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांनी १९२७ मध्ये त्यांना पत्रातून सागरासारख्या अमर्याद अनुभूतीविषयी लिहिले; फ्रॉइड यांनी १९३० मध्ये, आपल्याला ती स्वतःत सापडत नाही असे सांगून, तिचे मूळ आईच्या स्तनापासून स्वतःला वेगळे न ओळखणाऱ्या तान्ह्या बाळाच्या अवस्थेत दाखवले. देव म्हणजे मोठा केलेला बाप, हेही त्यांचेच. मी वर्गात हे सारे श्रद्धेचा निकाल लावल्याच्या सुरात शिकवत आलो. पण विठ्ठलालाच आई म्हणणाऱ्यांना, वाटेवरच्या परक्यालाही माउली म्हणून हाक मारणाऱ्यांना त्या बाळाची गोष्ट सांगून मी कोणता गौप्यस्फोट करणार होतो, हे लोणंद येईपर्यंत मला उमगेना.

रात्री राहुटीत आजींना, काहीशा भारावलेल्या आवाजात, भजनात दुखणे पार विसरल्याचे सांगितले. त्यांनी कंदिलाशी माझी टाच धरून पाहिली.

"दोऱ्यानं पाणी काढलं, म्हणून राहिलं दुखायचं," त्या म्हणाल्या आणि रिकामी कळशी माझ्या हाती दिली. टँकरपुढे रांग लागली होती.